कुरकुरणाऱ्या शिपायांचा देश

युद्धपटाचा माग काढत निघालेला प्रवासी सहसा रणभूमी गाठतो. फिनलंडच्या ‘तुन्तेमातोन सोतिलास’, म्हणजे ‘अज्ञात सैनिक’, या १९५५ सालच्या सिनेमाच्या बाबतीत ती सोय नाही. या सिनेमातले शिपाई ज्या अरण्यातून चालत जातात, ज्या स्विर नदीच्या काठी खंदक खणून बसतात, जे पेट्रोझावोद्स्क शहर जिंकून त्यात हिंडतात, ते सगळं आज रशियात आहे. त्यातला पूर्वेकडचा भाग फिनलंडचा कधी नव्हताच. सोव्हिएत संघाशी १९४१ ते १९४४ मध्ये झालेल्या युद्धात काही वर्षं ताब्यात होता, एवढंच. कारेलियाची संयोगभूमी मात्र फिनलंडची होती, आणि ती १९४४ साली कायमची गेली. २०२३च्या अखेरीस फिनलंडनं रशियाच्या सीमेवरची रस्त्याची सगळी नाकी बंद केली, त्यामुळे हौशी प्रवाशाला फिनलंडमधून थेट तिकडे फिरकायचाही मार्ग राहिला नाही. खुद्द सिनेमा काढणाऱ्यांनाही १९५५ साली मूळ जागी कॅमेरा नेता आला नव्हता. त्यांनी देशातल्याच झाडीत खंदक खणले आणि मधूनमधून युद्धकाळातल्या माहितीपटांची खरी चित्रफीत जोडली.

म्हणून मी सीमेकडे पाठ करून हेलसिंकीहून उत्तरेकडे जाणारी टाम्पेरेची गाडी धरली. या सिनेमाचा खरा मुलूख त्याच रूळमार्गाच्या आजूबाजूला आहे असं माझं म्हणणं आहे. ज्या गावांतून, गिरण्यांतून आणि शेतांतून ते शिपाई आले, तिथे उभं राहिलं की एक गोष्ट नीट कळते. फिनलंडनं स्वतःच्या स्वातंत्र्यदिनी पाहायचा सिनेमा म्हणून जो निवडला आहे, त्यात कोणाचंही कोणाशी पटत नाही. शिपाई साहेबांना हसतात, अन्नावरून भांडतात, युद्ध कशासाठी चाललंय यावर वाद घालतात, आणि तरीही तोफखान्याचा मारा सुरू झाला की मशीनगन सोडत नाहीत. हुकमाला नकार आणि कामाला होकार, या दोन गोष्टी एकाच माणसात राहू शकतात हे या सिनेमाचं सांगणं आहे. त्यानं फिनलंडला एकमत दिलं नाही. भांडणासकट एकत्र राहायची एक रीत दिली, आणि म्हणूनच तो टिकला.

गाडी दोन तासांच्या आत टाम्पेरेला पोचते. शहराच्या दोन बाजूंना दोन मोठी तळी आहेत, आणि वरच्या तळ्याचं पाणी अठरा मीटर खाली उतरत शहराच्या मधोमध धावतं. तो उतार पाहून जेम्स फिनलेसन या स्कॉटिश माणसानं १८२०च्या सुमारास इथे कारखाना काढला आणि पुढे त्याची कापडगिरणी झाली. लाल विटांच्या उंच भिंती, अरुंद बोळ, वर धुराडं. गिरणगाव पाहिलेल्या मराठी माणसाला हे दृश्य नवं वाटत नाही. प्लेव्हना नावाच्या विणकामाच्या दालनात १८८२ साली विजेचे दिवे लागले, आणि उत्तर युरोपातल्या अगदी पहिल्या विजेच्या दिव्यांत त्यांची गणना होते. आज त्याच दालनात चित्रपटगृह आहे, पलीकडे कामगारांच्या जीवनाचं वेर्स्तास संग्रहालय आहे, आणि त्याच्यासमोरच्या चौकाला वैनो लिन्नाचं नाव दिलेलं आहे. याच गिरणीत लिन्ना १९३८ पासून कामाला होता. जवळच्या उर्याला गावात १९२० साली जन्मलेला, फारसं शालेय शिक्षण न झालेला हा माणूस युद्धात मशीनगन तुकडीत होता. परत आल्यावर पुन्हा गिरणीत रुजू झाला आणि कामाच्या वेळेबाहेर लिहीत राहिला. त्याची तिसरी कादंबरी डिसेंबर १९५४ मध्ये निघाली. ती म्हणजे ‘अज्ञात सैनिक’, याच सिनेमाची मूळ कादंबरी.

लेखक गिरणीकामगार होता हा तपशील चरित्रापुरता नाही. १९१८ साली फिनलंडमध्ये यादवी झाली तेव्हा टाम्पेरे हा लाल पक्षाचा, म्हणजे कामगार आणि भूमिहीन कुळांचा, बालेकिल्ला होता. एप्रिलमध्ये सेनापती मानेरहेइमच्या विरोधी, पांढऱ्या सैन्यानं तो घेतला. शहराच्या कालेवानकांगास दफनभूमीत त्या वेळच्या लालांची सामूहिक कबर आहे, आणि १९९२ साली वारलेल्या लिन्नाची कबरही त्याच दफनभूमीत. दुसऱ्या महायुद्धात सेनापती पुन्हा मानेरहेइमच होता. म्हणजे ज्यांच्या बापांना या माणसाच्या फौजेनं गोळ्या घातल्या किंवा छावण्यांत डांबलं, त्यांची मुलं वीस-पंचवीस वर्षांनी त्याच्याच हुकमाखाली लढत होती. अशा सैन्याची गोष्ट सांगताना ‘सगळे एकदिलानं लढले’ असं लिहिणं सोपं होतं, आणि तोवर तसंच लिहिलं जात होतं. लिन्नानं लिहिलं ते वेगळं. तुकडीतला लाहतिनेन उघड डाव्या विचारांचा आहे. तो पहिल्या दिवसापासून युद्ध हरणार म्हणून सांगतो आणि शेवटी आपल्या मशीनगनपाशीच मरतो. लेफ्टनंट कोस्केला लाल घराण्यातला आहे. कादंबरीत सेनापतीच्या वाढदिवशी, दारूच्या नशेत, इतकी वर्षं गिळलेलं सगळं त्याच्या तोंडून बाहेर पडतं. पुढे १९५९ ते १९६२ या काळात लिन्नानं जी त्रिखंडी कादंबरी लिहिली, तिच्यात याच कोस्केला घराण्याची कुळकथा यादवीच्याही मागे नेली आहे. तिच्यातलं काल्पनिक गाव उर्यालाच्या मातीतून घडलं, आणि त्या गावाच्या नावानं उर्यालात दर उन्हाळ्यात साहित्यसोहळा भरतो.

दिग्दर्शक एड्विन लाइने हा मुळात नाटकवाला, आणि निर्माता टी. जे. सर्क्का हा वर्षाला डझनानं सिनेमे काढणारा स्टुडिओमालक. कादंबरी बाजारात आल्यावर जेमतेम वर्षभरात, २३ डिसेंबर १९५५ रोजी, तीन तासांचा कृष्णधवल सिनेमा पडद्यावर होता. या घाईत एक फार मोठी गोष्ट गळाली, ती म्हणजे लिन्नाचा निवेदक. कादंबरीत एक खवचट, शिकलेला आवाज सतत आपल्या कानाशी असतो. तो सेनाधिकाऱ्यांच्या भाषणांची, पाद्र्यांच्या प्रवचनांची, वर्तमानपत्री देशभक्तीची खिल्ली उडवतो. सिनेमात तो आवाज नाही, आणि रूपांतरावरचा पहिला आक्षेप हाच आहे की त्यामुळे धार बोथट झाली. मला हा हिशेब अपुरा वाटतो. निवेदक गेल्यावर उपहासाची सगळी जबाबदारी शिपायांच्या तोंडावर आली. तुकडीतला शिपाई वान्हाला सरकारी प्रचाराची भाषा तिच्याच थाटात, खुदुखुदु हसत उच्चारतो आणि ती तिथल्या तिथे फाटते. हे कागदावर वाचताना लेखकाची करामत वाटते. पडद्यावर ती थंडीत कुडकुडणाऱ्या पोराची करामत होते. शहाणपण वरून खाली आलं, आणि या गोष्टीला तेच हवं होतं.

दुसरी गोष्ट नायकाची. तीन तासांच्या सिनेमाला एक चेहरा लागतो असं कोणताही व्यवहारी निर्माता म्हणेल. इथे पूर्ण तुकडीच नायक आहे. शांत कोस्केला, कडवट लेहतो, तोंडाळ हिएतानेन, ध्येयवादानं भारलेला आणि पहिल्याच चकमकीत जमिनीला खिळून राहिलेला कारिलुओतो, आणि संयोगभूमीतला शेतकरी रोक्का. प्रत्येकाच्या जिभेवर आपापल्या प्रांताची बोली आहे. रोक्का कारेलियाचं बोलतो, हिएतानेन नैर्ऋत्य किनाऱ्याचं, कोस्केला हॅमे प्रांताचं, मॅत्ता उत्तरेकडच्या काइनूचं. प्रमाण भाषा सहसा अधिकाऱ्यांकडे आहे, आणि सर्वांत घासूनपुसून ती बोलतो लाम्मिओ, ज्याला शिपाई मनापासून तुच्छ लेखतात. बोलीचा वापर तोवर फिनिश सिनेमात बहुतेक विनोदापुरता होता. इथे तो माणसाचा हक्क म्हणून येतो. प्रेक्षागृहातल्या प्रत्येक जिल्ह्याला आपला माणूस पडद्यावर सापडला, आणि तो साहेबाला उलट उत्तर देत होता.

रोक्काचं उदाहरण थोडं सविस्तर पाहायला हवं, कारण सिनेमाचा सगळा युक्तिवाद त्याच्यात एकवटला आहे. युद्धात तो अद्वितीय आहे. बाजूनं चढून येणारी शत्रूची अख्खी रांग तो एकटा अडवतो, आणि एका सोव्हिएत कॅप्टनला जिवंत पकडून आणतो. मोर्चा स्थिरावल्यावर वरिष्ठांना शिस्तीची आठवण होते. खंदकाकडच्या वाटेच्या दोन्ही कडांना शोभेसाठी गोटे लावायचा हुकूम सुटतो, आणि रोक्का नाही म्हणतो. त्याचं घर सोव्हिएत संघाशी आधी झालेल्या हिवाळी युद्धात गेलेलं आहे. ते परत मिळवायला तो आला आहे. गोटे मांडायला आलेला नाही. तो बंडखोर नाही, विचारवंत तर नाहीच. त्याच्यापुरता हिशेब साधा आहे: ज्या कामाला अर्थ आहे ते मी कोणी न सांगता करीन, ज्याला नाही ते कोणी सांगितलं तरी करणार नाही. रेइनो तोल्वानेन या नटानं हे कुठलाही आवेश न आणता केलं आहे. त्याचा रोक्का हसत हसत अवज्ञा करतो. समोर युस्सी युर्कानं साकारलेला लाम्मिओ आहे, पोशाखाची घडी न मोडणारा. दिग्दर्शकानं त्याला भित्रा दाखवलेलं नाही, आणि त्यामुळे वाद न्याय्य राहतो. लाम्मिओही शूर आहे. त्याला फक्त माणसं कळत नाहीत.

१९५५ साल ध्यानात घेतलं तर हे किती नेमक्या वेळी आलं ते दिसतं. सोव्हिएत संघाला द्यायची युद्धखंडणी १९५२ साली फिटली होती, आणि त्याच वर्षी हेलसिंकीत ऑलिंपिक झालं होतं. १९५५च्या सप्टेंबरमध्ये राजधानीजवळचा पोर्क्कालाचा नाविक तळ परत द्यायला सोव्हिएत सरकार कबूल झालं. १४ डिसेंबरला फिनलंड संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, आणि नऊ दिवसांनी सिनेमा लागला. पुढच्या मार्चमध्ये देशभर सार्वत्रिक संप झाला. म्हणजे देश बाहेरून सुटा होत होता आणि आतली वर्गकलहाची जखम पुन्हा ठणकत होती. अशा वेळी ‘आपण सगळे एक होतो’ असा सिनेमा खोटा ठरला असता, आणि ‘आपल्याला फसवून मारलं’ असा सिनेमा असह्य झाला असता. लोकांनी हा तिसरा पाहिला. बेचाळीस लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात सुमारे २८ लाख तिकिटं खपली. प्रेक्षकांत स्वतः लढून आलेले पुरुष होते, त्यांच्या बायका होत्या, विधवा होत्या. त्यांना बनावट शिपाई ओळखू आला नसता असं मानणं अवघड आहे. कादंबरी आली तेव्हा ‘हेलसिंगिन सानोमात’मध्ये तोइनी हावू यांनी तिच्यावर सडकून टीका केली होती. कुरकुर करणाऱ्याला खंदकापलीकडचं दिसत नाही, असा तिचा रोख. लष्करानंही चित्रीकरणाला मदत नाकारली. ज्या कथेत हुकूम मोडणाऱ्या दोन शिपायांना आपलेच लोक गोळ्या घालतात, तिला तोफा पुरवायला लष्कर कचरलं यात नवल नाही. प्रेक्षकांनी मात्र कुरकुर करणाऱ्यांच्या बाजूनं कौल दिला.

टाम्पेरेच्या पश्चिमेला प्यूनिक्कीचं टेकाड आहे, उंच पाइन वृक्षांनी भरलेलं. त्याच्या उतारावर, तळ्याच्या काठी १९५९ साली एक अजब नाट्यगृह बांधलं गेलं. त्यात रंगमंच जागेवर राहतो आणि प्रेक्षकांची बैठकच फिरते. झाडं, पाणी, वाट हेच नेपथ्य. बैठक वळली की प्रवेश बदलतो. इथे १९६१ पासून १९६९ पर्यंत दर उन्हाळ्यात लाइनेनंच ‘अज्ञात सैनिक’चा नाट्यप्रयोग चालवला. ज्यांनी सिनेमा पाहिला होता, कादंबरी वाचली होती, असे लोक गाड्या करून येत आणि आपल्याच जंगलात तेच युद्ध पुन्हा पाहत. कीर्तनाला बसलेल्या मंडळीला आख्यान आधीच ठाऊक असतं, तरी बुवा या खेपेला कसं सांगतात ते पाहायचं असतं. तशातलीच ही गोष्ट. त्या बैठकीजवळ उभं राहून आजूबाजूच्या झाडीकडे पाहिलं की आणखी एक मुद्दा उमगतो. फिनलंडमध्ये रणभूमी आणि परसदार यांत दृश्य फरक नाही. कारेलियातलं पाइनचं अरण्य आणि टाम्पेरेतलं पाइनचं अरण्य सारखंच दिसतं. त्यामुळे हरवलेला मुलूख दाखवायला दिग्दर्शकाला काही खोटं उभारावं लागलं नाही, आणि प्रेक्षकाला युद्ध दूरच्या, परक्या ठिकाणी घडलं असं म्हणून सुटता आलं नाही.

या सिनेमातली समतेची भाषा केवळ लेखक-दिग्दर्शकाची कल्पना होती का, याचं उत्तर रस्त्यात कुठल्याही गावी उतरून मिळतं. फिनलंडनं युद्धातले आपले मृत शक्य तिथवर रणभूमीवर पुरले नाहीत. त्यांना आपापल्या गावच्या चर्चमध्ये परत पाठवलं. म्हणून लहानशा गावातही चर्चच्या आवारात युद्धमृतांचा वेगळा कोपरा असतो. एका उंचीच्या, एका घडणीच्या दगडांच्या रांगा, त्यावर नाव, हुद्दा, जन्म आणि मृत्यूची तारीख. कॅप्टनचा दगड शिपायाच्या दगडाहून मोठा नसतो. १९४१ ते १९४४च्या युद्धात फिनलंडचे सुमारे ६३,००० सैनिक मेले, आणि एका घरातली दोन-तीन नावं शेजारी शेजारी दिसणं दुर्मीळ नाही. हेलसिंकीच्या हिएतानिएमी दफनभूमीत याच साध्या दगडांच्या सोबतीला मानेरहेइमची मोठी कबर आहे. मरणानंतर देशानं जी बरोबरी दगडात मान्य केली होती, ती जिवंतपणीही होती का, हा प्रश्न या दगडांतूनच उभा राहतो. सिनेमा त्याचं उत्तर देतो: नव्हती, ती रोज भांडून मिळवावी लागत होती.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला, आणि सर्वांत वजनदार, असा की सिनेमानं या भांडणावर शेवटी देशभक्तीची शाल पांघरली. संगीतकार सिबेलियसची ‘फिनलंडिया’ ही रचना त्यात आहे, आणि ती ऐकू आली की सगळी कुरकुर राष्ट्राच्या महाकाव्यात विरघळते. परतीच्या वाटेवर हॅमेनलिन्ना लागतं, सिबेलियसचं जन्मगाव. पुढे तुउसुला तळ्याकाठी ‘आइनोला’ हे त्याचं लाकडी घर आहे. सिनेमा आला तेव्हा तो तिथे हयात होता. १९५७ साली वारला. ‘फिनलंडिया’ १८९९-१९०० मधली, रशियन झारच्या दडपशाहीविरुद्धच्या काळातली. तिचा अर्थ तेव्हापासूनच ठरून गेलेला होता, आणि लाइनेनं तो आयता वापरला हे मान्य करायला हवं. लिन्नाच्या कादंबरीत असं सांत्वन नाही. प्रकाशकानं तिच्यातून काढलेला बोचरा मजकूर २००० साली मूळ हस्तलिखित छापलं गेलं तेव्हा लोकांसमोर आला, आणि लेखकाचा राग किती होता ते कळलं. तरीही आक्षेप पुरता पटत नाही. संगीत सिनेमाला चौकट देतं. चौकटीच्या आत काय घडतं ते बदलत नाही. लेहतो जखमी अवस्थेत स्वतःवर गोळी झाडतो, हिएतानेन आंधळा होऊन मरतो, कोस्केला माघारीच्या गोंधळात रणगाड्यापाशी पडतो. यांतल्या कोणाच्याही मृत्यूनं काही जिंकलं जात नाही. ज्यांना हे अधिक उघडं हवं होतं त्यांच्यासाठी रौनी मोल्बर्गनं १९८५ साली रंगीत, चिखलानं माखलेली दुसरी आवृत्ती काढली, आणि आकू लोउहिमिएसनं २०१७ साली तिसरी. दोन्ही गाजल्या. पण दुसरा सिनेमा पहिल्याला हटवू शकला नाही, आणि त्याचं कारण निव्वळ सवय नसावं. मोल्बर्गची पोरं भेदरलेली आहेत, आणि ते खरंच आहे. लाइनेची माणसं वाद घालतात. भेदरलेल्या माणसाची दया येते. वाद घालणाऱ्याशी नातं जुळतं.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. ही माणसं दुसऱ्याच्या देशात शिरलेली आहेत, जर्मनीच्या मोहिमेच्या साथीनं. याचं भान सिनेमाला किती आहे? फिनलंडनं व्यापलेल्या पूर्व कारेलियात रशियन भाषक नागरिकांना काटेरी कुंपणाच्या छावण्यांत ठेवलं होतं. एके काळी त्यांची संख्या सुमारे २४,००० होती, आणि ४,०००हून अधिक लोक भूक आणि रोगराईनं मेले. सोव्हिएत युद्धकैद्यांतले सुमारे १९,००० फिनिश ताब्यात मेले. यातलं जवळजवळ काहीच पडद्यावर नाही. जुनी सरहद्द ओलांडताना शिपाई आपसांत कुरबुरतात की आता हे आपलं उरलं नाही; लेहतो एका कैद्याला मारतो; पण त्यापलीकडे शत्रू बहुतेक झाडांमागची हालचाल आहे. स्त्रियांच्या बाबतीतही हेच. ‘लोत्ता’ संघटनेत दोन लाखांहून अधिक स्त्रिया-मुली होत्या. त्यांनी स्वयंपाकघरं, रुग्णालयं, हवाई टेहळणी सांभाळली, आणि १९४४च्या युद्धबंदीनंतर त्यांची संघटना बरखास्त झाली. तुउसुलातलं त्यांचं संग्रहालय पाहिल्यावर कादंबरीतलं लोत्तांचं उथळ चित्र अन्यायाचं का वाटलं ते समजतं. इथे सिनेमाची बाजू घेणं मला जमत नाही, आणि घ्यायचंही नाही. खंदकातून जेवढं दिसतं तेवढंच दाखवायचं ठरवलं की काही गोष्टी दिसत नाहीत. हावूबाईंची टीका चुकीच्या कारणासाठी होती, पण नजरेच्या मर्यादेचा मुद्दा खरा होता. एवढंच म्हणता येईल की ज्या सिनेमानं सत्तेच्या सरकारी कहाणीवर अविश्वास ठेवायला शिकवलं, त्याच्याच प्रेक्षकांना पुढे छावण्यांची कहाणी मानणं थोडं सोपं गेलं असावं. हे अनुमान आहे. त्यामुळे सिनेमाचं ऋण फिटत नाही.

तिसरा आक्षेप सवयीचा. ६ डिसेंबरला, स्वातंत्र्यदिनी, फिनलंडमध्ये खिडक्यांत दोन मेणबत्त्या लावतात, कबरींवर दिवे ठेवतात, संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादातला समारंभ दूरचित्रवाणीवर पाहतात. आणि त्याच दिवशी सरकारी वाहिनी हा सिनेमा दाखवते. लोक तो बघतात कारण तो लागतो, असं म्हणणारे आहेत. शिवाय ही काही पुरातन प्रथा नाही. दरवर्षी दाखवायची रीत २००० पासूनची. दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. पण वाहिनीनं परंपरा शून्यातून निर्माण केली नाही. चित्रपटगृहं, प्यूनिक्कीची आठ-नऊ वर्षं, शाळेत वाचली जाणारी कादंबरी, १९९३ सालच्या वीस मार्कांच्या नोटेवरचा लिन्नाचा चेहरा, एवढं सगळं आधी घडलेलं होतं. आणि समजा सवयच असली, तरी ती कशाची आहे ते पाहावं. दुपारी पडद्यावर साहेबांची टर उडवणारे शिपाई, संध्याकाळी प्रासादात लांब कोट आणि पदकं घातलेले पाहुणे. एकाच दिवशी, एकाच संचावर, एकामागून एक. आपल्या सर्वांत औपचारिक दिवसाच्या अगदी शेजारी औपचारिकतेची थट्टा मांडून ठेवणारे देश फार नाहीत.

पूर्वेकडे, सीमेच्या अलीकडे, जी गावं आहेत त्यांतल्या बऱ्याच घरांत कारेलियातून उठून आलेल्यांची नातवंडं राहतात. चार लाखांहून अधिक लोक, म्हणजे देशाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त, तेव्हा विस्थापित झाले आणि सरकारनं कायदा करून त्यांना उरलेल्या देशात जमिनी दिल्या. रोक्का खरा असता तर यांतलाच एक झाला असता. आज त्या सीमेच्या काही भागात कुंपण उभं राहिलं आहे, ४ एप्रिल २०२३ पासून फिनलंड नाटोत आहे, आणि पुरुषांना लष्करी सेवा पूर्वीसारखीच सक्तीची आहे. अशा दिवसांत युद्धपट प्रचाराला जुंपले जाण्याचा धोका वाढतो, आणि ‘अज्ञात सैनिक’मधली काही दृश्यं सुटी करून त्यासाठी वापरताही येतील: रोक्का बंदूक चालवतोय तेवढं ठेवायचं, रोक्का नकार देतोय ते कापायचं. सबंध सिनेमा मात्र त्या वापराला जुमानत नाही, कारण त्यातला सर्वोत्तम योद्धाच सर्वांत अवज्ञाकारी माणूस आहे, आणि एकाला दुसऱ्यापासून वेगळं करता येत नाही. फिनलंडला जाणाऱ्यानं हा सिनेमा आधी पाहावा, तीन तास सलग, आणि मग टाम्पेरेत उतरावं. सोबत पूर्व कारेलियाच्या छावण्यांवरचं काहीतरी वाचावं, कारण सिनेमा ते सांगणार नाही. आणि त्या देशाची एकजूट पाहून कोणी भारावून जायला लागला, तर त्याला आठवण करून द्यावी की ती एकजूट आज्ञाधारक माणसांनी उभारलेली नाही.